खंडेनवमीचं तेल

आमच्या घरात तेलावर श्रद्धा आहे. देवावरही आहे, पण ती जरा कमी. बाबा आधी कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. गिरणी गेल्यावर घाटकोपरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिले. या दोन्ही ठिकाणी त्यांना एक गोष्ट पक्की पटली: कुठलीही वस्तू बिघडते ती तेल न दिल्यामुळे. पंखा, कडीकोयंडे, आईची कात्री, माझी सायकल, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. एकदा त्यांनी टीव्हीच्या रिमोटच्या बटणांत तेल सोडलं. रिमोट मेला, श्रद्धा शाबूत राहिली.

त्यामुळे खंडेनवमी हा आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाट मांडायचा, घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून त्यावर ठेवायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती. बाबांचे पाने, कानशी, मापं घ्यायचं व्हर्निअर, आईची विळी. मी नेमबाजी सुरू केल्यापासून त्या पाटाजवळ माझी रायफलही आली. तिला जागा लागते म्हणून व्हर्निअरला दरवर्षी कडेला सरकावं लागतं आणि बाबा त्याबद्दल दरवर्षी कुरकुर करतात.

मी पॉइंट टू-टू रायफल मारते, पन्नास मीटरवर, पोटावर पालथी पडून. अंधेरीच्या ऑफिसात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ‘म्हणजे खरीखुरी?’ खरीखुरीच. परवाना माझ्या नावावर, कपाटाची किल्ली माझ्याकडे, आणि गोळ्या मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. एखादा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, आपल्या रायफलला असा मानवतो की सगळे बार एका टिकलीएवढ्या जागेत बसतात. असा लॉट सापडला की त्याच्या डब्या कोणी सरावाला उघडत नाही. साधी गोळी सरावाला, ठेवणीतली स्पर्धेला. माझ्या ठेवणीतल्या डब्या राज्याच्या निवड चाचणीसाठी राखलेल्या होत्या, आणि त्या चाचणीची मी दोन वर्षं वाट पाहत होते.

दरवर्षी बाबा त्या डब्या बंदच ठेवून वरून हळदकुंकू वाहायचे. या वर्षी वर्कशॉपनेही त्यांना घरी बसवलं होतं आणि हातांना काम नव्हतं. मी कपाट उघडून सगळं पाटावर मांडून दिलं आणि आईच्या हाताखाली पुऱ्या लाटायला आत गेले. बाहेर बाबांनी डब्या उघडल्या. टू-टूच्या शिशाच्या गोळीवर कंपनीनेच मेणाचा पातळ थर दिलेला असतो, बोटाला चिकट लागतो. बाबांना वाटलं, मळ. त्यांनी एकेक काडतूस रॉकेलच्या फडक्याने पुसलं, मग दुसऱ्या फडक्याने शिलाई मशीनचं तेल चोळलं, आणि पुन्हा जसंच्या तसं डबीत बसवलं. लाटण्याच्या आवाजात मला पत्ताही लागला नाही. संध्याकाळी त्यांनी डब्या बंद करून माझ्या हाती दिल्या, मी कपाटाला कुलूप लावलं.

तेल थांबून राहत नाही. गोळी आणि पितळेची पुंगळी जिथे जुळतात तिथल्या केसाएवढ्या फटीतून ते आत झिरपतं, दारूपर्यंत पोचतं आणि हळूहळू तिचा जीव घेतं. चाचणी दिवाळीनंतर होती. तेलाला भरपूर वेळ मिळाला.

चाचणीच्या दिवशी बाबा आणि मी रिक्षाने मुलुंडपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रेंजवर गेलो. बाबा माझी स्पर्धा कधी चुकवत नाहीत. फायरिंग लाइनच्या मागे एक काच आहे, तिच्यामागे खुर्च्या. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची, मांडीवर माझी बॅग, पाय जवळ घेऊन बसणार. मी जागा घेतली, कानांत बोळे घातले आणि ठेवणीतली डबी उघडली. गोळ्या नेहमीपेक्षा स्वच्छ दिसल्या. इतके दिवस बंद डबीत होत्या, असेल, म्हणून मी पुढे गेले.

सुरुवातीला हवे तितके अजमावणीचे बार मिळतात. पहिला बार खाली बसला. दुसरा त्याहून थोडा खाली. मी साइट दोन खटके वर घेतली. तिसरा बरोबर मध्ये. चौथा एकदम वर! मी साइट खाली घेतली, पाचवा पुन्हा तळाला. कपाळाला घाम फुटला. आमच्या कोच मॅडमनी पहिल्या वर्षीच डोक्यात भरवलं होतं: डावं-उजवं गेलं तर वारा नाहीतर बोट, नुसतं वर-खाली गेलं तर श्वास नाहीतर गोळी. माझे बार एका उभ्या रेषेत चढत-उतरत होते. गोळीवर माझा इतका विश्वास की मी सगळं श्वासावर ढकललं. श्वास मोजत बसले, पट्टा आवळला, गाल दांड्यावर पुन्हा पुन्हा टेकवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसरी खूणही दिसत होती, पण तिचा अर्थ लागायला वेळ गेला. बार उडतो तेव्हा आतल्या दाबाने पितळेची पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, म्हणून धूर मागे येत नाही आणि पुंगळी स्वच्छ बाहेर पडते. माझ्या पुंगळ्या एका बाजूने काळ्या पडून येत होत्या, चुलीवरच्या भांड्यासारख्या. बोल्ट उघडताना दोन-तीन न जळलेले दारूचे कण चटईवर सांडले. मी ते बोटाने उडवून लावले. घड्याळ सुरू झालं होतं, मोजणीचे बार चालू झाले होते, आणि अशा वेळी माणूस जे पाहायचं नाही ते पाहत नाही.

मग तो बार आला. मी चाप ओढला, पिनेचा खटका बसला आणि खांद्याला काहीच लागलं नाही. बोळ्यांतून नुसतं ‘फुस्’ असं ऐकू आलं, तेही कदाचित मी नंतर मनात जोडलेलं असेल. शेजारच्या लाइनीवर धडाधड बार चालले होते. माझ्या स्क्रीनवर नवा ठिपका उमटला नाही.

हाताला सवय असते. बार झाला की बोल्ट मागे, पुंगळी बाहेर, नवी गोळी आत, बोल्ट पुढे. माझ्या हाताने डोक्याला न विचारता हे सगळं केलं. नवी गोळी आत गेली होती, गाल टेकला होता, बोट चापावर होतं. तेवढ्यात चटईवर पडलेली पुंगळी दिसली. ती काळीकुट्ट होती आणि तिच्या तोंडातून पिवळट, ओलसर दारू बाहेर आलेली होती. दारू जळलेलीच नव्हती. मग गोळी कुठे गेली?

मी बोट काढलं आणि हात वर केला.

रेंज ऑफिसर आले. माझ्या स्क्रीनकडे वाकून बघितलं. ‘शॉट नहीं पकडा क्या? होता है मॅडम. एक और मारो, चेक हो जाएगा.’

हा नियमच आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटने बार पकडला नाही असं वाटलं तर आणखी एक बार मारायला सांगतात आणि तो उमटतो का ते बघतात. ते मला नियमाप्रमाणेच सांगत होते.

‘नहीं मारूंगी,’ मी म्हटलं.

‘टाइम जा रहा है आपका.’

‘जाने दो. गोली नली में है.’

‘कैसे पता?’

मला पक्कं माहीत नव्हतं. माझ्याकडे एक काळी पुंगळी आणि न लागलेला धक्का, एवढंच होतं. आजूबाजूला सगळे मारत होते, माझी दोन वर्षं मिनिटामिनिटाने गळत होती, आणि हा माणूस शांतपणे घड्याळाकडे बोट दाखवत होता. एक क्षण मला खरंच वाटलं, मारून टाकावा. टार्गेटचाच घोळ असेल, इतके लोक बघतायत, भित्री म्हणतील.

मी नवी गोळी बाहेर काढली, बोल्टच काढून चटईवर ठेवला आणि उठून बसले. मॅडम धावत आल्या. त्यांनी सफाईची सळई घेतली आणि नळीत घातली. सळई सरसर अर्ध्यापर्यंत गेली आणि टक्कन थांबली. मॅडमनी ती बाहेर काढून नळीच्या शेजारी धरली, अंगठ्याने जागा दाखवली. नळीच्या बरोबर मधोमध. ऑफिसरांनी वाकून ती जागा बघितली. त्यांचा चेहरा उतरला होता.

आत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी सोडली की तिला वाट नसते. नळी फुगते, नाहीतर फाटते, आणि सगळा दाब मागे येतो. मागे माझा गाल टेकलेला असतो आणि त्याच्या वर उजवा डोळा.

मॅडमनी डबीतून एक गोळी उचलली, दोन बोटांत फिरवली, नाकाशी नेली. ‘मेण कुठे गेलं गं याचं?’ असं म्हणत त्यांनी डबी उलटी केली. तळाच्या कोपऱ्यात हळद होती. झाकणावर दरवर्षी असते, आत कधीच नसते. माझ्या डोक्यात त्या दिवशीचा पाट उभा राहिला.

तेवढ्यात मागून आवाज आला. अख्ख्या रेंजला ऐकू गेला. बाबांचे कान साचाखात्यातच गेले. त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते नेहमी ओरडूनच बोलतात. काचेच्या फटीतून हात घालून ते दुसरी डबी नाचवत होते.

‘ही घे गो! ह्येतले झकास आसत! एकेक गोळी पुसून तेल लावलंय मी!’

लाइनवरच्या बऱ्याच माना वळल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांना एकदम कळलं होतं आणि सांगणाऱ्याला मात्र काही कळलेलं नव्हतं. तो हात तसाच पुढे, चेहरा असा खुशीत की लेकीची अडचण आपणच सोडवतोय. मी गेले, डबी घेतली, मान हलवून हसले. ते हसू कसं दिसलं असेल देव जाणे. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्यांना पदराखाली लपवावंसं वाटत होतं.

परत आले तर मॅडमनी मला जवळ ओढलं. ऑफिसरांना मात्र बाबांचं मालवणी कळलं नव्हतं; ते लेखी कारण मागत होते, लॉट खराब आहे का, दुसऱ्या कोणाकडे तोच आहे का. मॅडमनी त्यांना हातानेच थांबवलं आणि मला अगदी हळू विचारलं, ‘कधी लावलं बाबांनी?’

‘खंडेनवमीला,’ मी पुटपुटले.

‘अगं, तेलाने वाट लावली सगळी. अजून एक बार मारला असतास ना, तर नळी फुटून तोंडावर आली असती. डोळा गेला असता तुझा.’

‘त्यांना सांगू नका. प्लीज. मरतील ते.’

‘वेडी आहेस का? मी कशाला सांगते.’

आम्ही दोघी काचेकडे तोंड करून उभ्या होत्या. आवाज इतका बारीक की शेजारच्या लाइनीवरही गेला नसेल. आपण फार जपून वागलो असं समाधान वाटून मी वर बघितलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते मॅडमच्या ओठांकडे बघत होते.

साचाखात्यात शेकडो माग एकदम चालतात, तिथे ओरडूनही उपयोग नसतो. तिथली माणसं आयुष्यभर एकमेकांचे ओठ वाचून बोलली. पगार, संप, मरण, चेष्टा, सगळं या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनआवाजी. काचेपलीकडचा आवाज बाबांना कळला नसता, ओठ मात्र छापल्यासारखे स्पष्ट दिसले. लहानपणापासून मला हे माहीत आहे. घरात बाबांबद्दल काही बोलायचं तर आई आणि मी पाठ फिरवून बोलतो. त्या दिवशी तेवढं सुचलं नाही.

त्यांनी नजर खाली घेतली. मांडीवरची बॅग उचलून नीट खुर्चीवर ठेवली.

मला वाटलं, नसेल कळलं. मनाची तशी समजूत घातली. मॅडमनी सळईने हलक्या हाताने ठोकून अडकलेलं शिसं बाहेर काढलं, नळी तपासली, त्यांच्या जवळची साध्या लॉटची डबी दिली. बिघाड मान्य झाला आणि गेलेला वेळ परत मिळाला. मी पुन्हा पालथी पडले. प्रत्येक बारानंतर खांद्याला धक्का बसला का हे आठवायचं, पुंगळी बघायची, मगच पुढची गोळी. नव्या लॉटला साइट बसेना. मध्येच मी मागे वळून बघितलं तर मधली खुर्ची रिकामी होती.

उठून जावं की नाही, हा विचार प्रत्येक बाराला आडवा येत होता. म्हातारा माणूस, कान नाहीत, बाहेर एलबीएस रोड आणि त्यावरचे ट्रक. मी उठले नाही, शेवटपर्यंत मारलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक राग होता, आणि त्यांच्यासमोर जाऊन काय बोलायचं याची भीती होती. बार इकडेतिकडे गेले. संघात माझं नाव आलं नाही. निकाल ऐकायला मी थांबलेच नव्हते, मॅडमनी संध्याकाळी फोनवर सांगितलं.

बाबा गेटच्या बाहेर बसस्टॉपच्या कट्ट्यावर बसले होते. समोरून डंपर, टँकर, बसेस सारख्या जात होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही. बहिऱ्या माणसाला बोलणं टाळायचं असलं की त्याला फक्त नजर खाली ठेवावी लागते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, ते चपलेकडेच बघत राहिले. शेवटी मी त्यांच्यासमोर फुटपाथवर उकिडवी बसले, म्हणजे खाली बघितलं तरी मीच दिसेन. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

रिक्षातून घरी परतताना म्हणायची वाक्यं मी लाइनीवर पडल्यापडल्या तयार करून ठेवली होती. चांगली धारदार वाक्यं होती. त्यांचा चेहरा बघितला आणि एकही उरलं नाही. एका दुपारीत ते फार म्हातारे झाले होते.

त्यांचे ओठ हलले. आवाज अजिबात काढला नाही. एवढ्या गर्दीत, ट्रकच्या घरघराटात, त्यांनी माझ्याशी साचाखात्यातलं बोलणं काढलं. आयुष्यभर ओरडून बोलणारा माणूस. मला ते बोलणं घरात कोणी शिकवलं नव्हतं, तरी कळलं.

‘दुसरो बार मारलंस आसतंस तर?’

‘मारला नाही ना,’ मीही आवाज न काढता म्हटलं.

‘मारलंस आसतंस तर?’

खोटं सांगता आलं असतं. नळी खालच्या बाजूला फुटली असती, लाकूड तडकलं असतं, फार काही नाही. पण ओठ वाचणारा माणूस चेहराही वाचतो.

‘फुटली असती.’

‘खंय?’

मी बोट उचलून उजव्या डोळ्याखाली ठेवलं.

ते त्या जागेकडे खूप वेळ बघत राहिले. त्यांचा हात मांडीवरून उठला, माझ्या गालाजवळ आला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि ओठांनीच विचारलं,

‘हात लावू?’